गुडघ्यांची जाहिरात

मारिविक,

भात झाकून ठेवलाय. मासा नारळाच्या दुधात शिजवलाय. नारळाची चरबी सांध्यांची सूज वाढवते असं तू सगळ्यांना सांगतेस, तेव्हा पाहुण्यांना वाढू नकोस. तुझ्या बापाला मात्र हाच रस्सा लागायचा. भांडं पुसून खायचा.

आज तुझ्या माशाच्या तेलाच्या गोळ्या बघायला बायका येतील. त्यांच्यापुढे मी उभी राहणार नाही.

तुझा बाप वारल्यापासून दर वर्षी मी चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जाते. यंदा गुडघे इतके ठणकत होते की डोळ्यांतलं पाणी थांबेना. तू मागून फोनवर ते टिपलंस, सगळ्यांना पाठवलंस आणि खाली लिहिलंस, ‘आमच्या गोळ्यांनी आईचे गुडघे बरे झाले.’ विचारलं तर म्हणालीस, “चाललीस ना तू? मग खोटं काय त्यात?”

ते बघून आपल्या शेजारणीने, पासिंगने, डॉक्टरांचं सांधेदुखीचं औषध सोडलं. काल तिची बोटं अशी सुजली होती की चमचा धरवेना. मी भरवलं. तर म्हणते कशी, “तुझे गुडघे बघून सोडलं गं मी औषध. देवाच्या दारात तू खोटं कशाला चालशील?”

तिला जीपनीच्या गाडीत बसवून लुसेना शहरातल्या दवाखान्यात नेते आहे. वाटेत तिला सगळं सांगेन. आज रात्री तिच्याकडेच राहीन.

आई कुठे गेली असं बायकांनी विचारलं, तर निदान तेवढं तरी खरं सांग.

आई