तपासणीआधीची अळणी आमटी

बाबा,

गेल्या महिन्यात मी एका पेशंटवर ओरडले. राग त्याचा नव्हताच, तुमचा होता, आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून आज डबा खाऊन झाल्यावर हे लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी इंटर्नशिपला होते. आता २०१७ साल आहे आणि मी आयर्लंडमध्ये, ॲथलोनपासून थोडं आत असलेल्या एका लहानशा हॉस्पिटलात हृदयाची डॉक्टर आहे. आठवड्यातून एक दिवस आम्ही आजूबाजूच्या गावांतल्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या माणसांना तपासणीला बोलावतो. ब्लडप्रेशर, रक्त, ईसीजी, चार प्रश्न. माणसं येतात ती लग्नाला आल्यासारखी. शेतकरी इस्त्रीचा शर्ट घालतात, बूट चमकवतात, आणि काहीही विचारलं की म्हणतात, ‘ग्रँड,’ म्हणजे एकदम मस्त. झोप? ग्रँड. छाती? ग्रँड. दम लागतो का? ‘नॉट अ बॉदर, डॉक्टर.’ या देशात माणूस मरायला टेकला तरी ग्रँडच असतो. आणि आपले लोक तरी कुठे वेगळे आहेत? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याचा एक इंजिनिअर मला म्हणाला, ‘ताई, टेस्ट करायचीये यार, पण नेक्स्ट मंथ. आधी जरा डाएट करतो, रिपोर्ट चांगला यायला पाहिजे ना!’ अरे, रिपोर्ट चांगलाच आणायचा असेल तर टेस्ट कशाला करतोस? पण सणासुदीला भांडण नको म्हणून मी आणखी एक मोदक तोंडात टाकला.

हे तत्त्वज्ञान मी आपल्या नगरच्या स्वयंपाकघरात लहानपणापासून ऐकत आले आहे. तुमची ब्लडप्रेशरची तपासणी जवळ आली की आई कपाळाला हात लावायची, कारण घरात अळणी आमटी सुरू व्हायची. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जायची, पापड बंद, ताकात मीठ नाही. ‘माझ्या एकट्यासाठी वेगळं कशाला?’ असं म्हणून तुम्ही आम्हालाही तेच खायला लावायचात, वर आमच्यावर उपकार केल्याचा आव. तपासणीच्या दिवशी सायकल घरी, रिक्षाने जायचं, दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसायचं, आत बोलावेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. आणि मग फाटकातूनच आरोळी, ‘पास! फर्स्ट क्लास!’ हातात भज्यांचा पुडा. आई म्हणते, ‘अहो, डॉक्टरांना फसवून काय मिळतं तुम्हाला?’ तुम्ही गरम भजं फुंकत म्हणता, ‘अभ्यास केला, मार्क मिळाले. यात फसवणं कुठे आलं?’ आम्ही सगळे हसतो. त्या हसण्याचाही मला आता संताप येतो.

गणिताचे मास्तर ना तुम्ही! सराव परीक्षेत एका मुलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली, तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गाला सुनावलंत की कॉपी करणारा मास्तरांना नाही, स्वतःला फसवतो. घरी येऊनसुद्धा धुसफुसत होतात, चहा गार झाला तरी घेतला नाहीत. मग, बाबा, तुम्ही स्वतः काय करत होतात? छातीत जळजळतं म्हणून ओवा चावत होतात. शाळेचा जिना चढताना चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून मध्येच थांबत होतात. डॉक्टरांना यातलं अक्षर सांगितलं नाहीत, कारण विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं ही तुमची शिस्त. सरळ कॉपी होती ती. शेवटच्या तपासणीतही तुम्ही उत्तम मार्कांनी पास झालात आणि महिनाभरात गेलात. आई तेव्हा ज्याला त्याला सांगत होती की रिपोर्ट तर चांगला होता.

तर तो पेशंट. सत्तरीला आलेला, गाईगुरं सांभाळणारा, हसऱ्या तोंडाचा. ब्लडप्रेशर पुस्तकात छापावं असं, ईसीजीतही काही नाही. ‘आता वर्षाने या,’ म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको कौतुकाने म्हणाली, ‘चांगलं येणारच की! रविवारपासून मीठ नाही, लोणी नाही, आणि सकाळी माझ्या प्रेशरच्या गोळ्यांतली एक दिली त्याला. तुमच्यासमोर लाज जायला नको.’ मी खुर्ची ओढून पुन्हा बसले. चढावर चालताना काय होतं, विचारलं. ‘शेताच्या वरच्या फाटकापाशी छातीत जरा आवळल्यासारखं होतं. थांबलो की जातं. गॅस असणार. आय ॲम ग्रँड.’ आणि माझा तोल सुटला. इंग्रजीत सुरुवात केली आणि कधी मराठीत शिरले ते कळलंच नाही. ‘हा काय पेपर आहे? कुणाला फसवताय तुम्ही? घरच्यांचा काही विचार?’ तो गोरामोरा झाला. नर्स धावत दारात आली. बायकोला शब्द कळला नाही, तरी ती त्याला म्हणाली, ‘काय म्हणाली ठाऊक नाही, पण बरोबर बोलतेय ती.’ त्याच दिवशी त्याला ट्रेडमिलवर चालवलं. जरासा चढ दिला आणि ईसीजी बिघडला, कपाळावर घाम आला, मशीन बंद करावं लागलं. ॲम्ब्युलन्सने डब्लिनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवला. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळपास बंद होती. स्टेंट घातला आणि माणूस वाचला. किती सोपं होतं, बाबा! फाटकापाशी आवळतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

आज ती दोघं पुन्हा आली होती. तो बरा दिसला, पण बोलायची संधी त्याला मिळालीच नाही. ‘सांग ना डॉक्टरांना, काल सॉसेज कुणी खाल्लं! गोठ्यात जाऊ नको म्हटलं होतं ना? बहिरा आहेस का?’ तो मान खाली घालून हसत होता. दोघं बाहेर पडली तरी तिचं चालूच. खिडकीतून मला पार्किंग दिसतं. रिमझिम पावसात त्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं, ती बोलत बोलतच आत बसली, आणि काच वर गेली तरी तिचे हातवारे थांबले नव्हते. पुढचा पेशंट येऊन बसला होता, तरी मी खिडकीतच उभी राहिले.

हे पत्र कुठे जायचं नाही. आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण तिच्यासमोर मला पुढचं म्हणता येणार नाही. त्या बाईला रागवायला समोर माणूस आहे, बाबा, आणि मला तिचा हेवा वाटला.