उसवण्यासाठी विणलेली ओळ

आदरणीय अक्का,

नमस्कार. कमरेतून वाकायला डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे हा नमस्कार उभ्याउभ्याच केलेला आहे, पण मनातून पुरता वाकून केला आहे असं समजावं. तुमचा गुडघा, तुमचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावर ट्रम्पेट शिकणारा तो भाडेकरू, तिघंही एव्हाना शांत झाले असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती माझ्या वयाला शोभेल इतपत वाईट आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या पत्रात मी 'इकडे सर्व ठीक' असं लिहिलं होतं. ते वाक्य चुकीचं होतं. तेहतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली, आणि स्वतःची एवढी ढळढळीत चूक तशीच पोस्टात टाकली, याची मला लाज वाटते. तेव्हा हे शुद्धिपत्र. इकडे काहीच ठीक नव्हतं. तुमच्या बहिणीला झटका आला तेव्हा तुम्ही आठ दिवस येऊन राहिलात, त्यानंतर तोंड सरळ झालं, चालणं आलं, वाचाही आली. फक्त ती वाचा ही वापरेना. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, उजवा हात मांडीवर ठेवायचा (दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिलाय अशा बेतानं) आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचं. व्यायामाच्या बाई रोज सकाळी येतात. त्यांनी पिवळा रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. हिनं तो एकदाही दाबला नाही. शेवटी मीच दाबत असे, निदान चेंडूला तरी वाईट वाटू नये म्हणून. एक दिवस जिन्यात त्या मला म्हणाल्या, "काका, हातात जीव आहे. पण त्यांनाच तो नकोय. अजून दोन-तीन महिने असेच गेले ना, तर मग मी रोज येऊनही उपयोग नाही." अक्का, त्या खाली उतरून गेल्या आणि मी बराच वेळ जिन्यातच उभा राहिलो. वर जाऊन तोंड कोणतं दाखवायचं ते ठरत नव्हतं.

त्याच आठवड्यात कपाट आवरताना (म्हणजे कपाट उघडून पुन्हा लावून घेताना) हिची क्रोशाची पिशवी अंगावर पडली. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या घरात माणसं दोन आणि लोकरीचे गुंडे एकशे चाळीस. पिशवीत ते लाटा-लाटांचं पांघरूण होतं, पलंगाच्या मापाचं, निम्मं झालेलं, शेवटच्या टाक्यात सुई अजून तशीच अडकवलेली. झटका आला त्या दिवशी सकाळी हिनं ते जसं खाली ठेवलं तसंच ते होतं. मी मनाशी ठरवलं की हे पुरं करायचं, आणि हिच्या डोळ्यांसमोर बसून करायचं. बघून तरी हिला हुरूप येईल. विणकाम मला येत नव्हतं, पण साधा दोरा आणि एक आकडा, त्यात असं काय अवघड असणार, असं मला वाटलं. हे वाटणं चुकीचं होतं.

पुस्तिका आणली. त्यात चित्रं होती, पण चित्रातल्या बाईला हात तीन असावेत. मी सुई पेनासारखी धरली आणि पहिल्याच झटक्यात टाका निसटून हिनं विणलेल्या दोन ओळी भरभर उसवल्या गेल्या. माझी पाचावर धारण बसली. समोरच्या दारात राहणाऱ्या शिकवणीच्या बाईंकडे धावलो. त्यांनी मुलांना अपूर्णांक शिकवता शिकवता मला साखळी शिकवली, मग खांब शिकवला, मग दोन वेढ्यांचा खांब शिकवला. खांब म्हणजे सुईवर वेढा घेऊन उभा काढलेला टाका. एका शेजारी एक खांब, कुठे दोन एकात, कुठे दोघांचा मिळून एक, की लाट तयार होते. अपूर्णांकवाली मुलं माझ्याहून लवकर शिकली. एकीनं तर मला, "आजोबा, दोरा गळ्यात नाही, बोटात घ्यायचा असतो," असं समजावून सांगितलं.

मग पांघरुणाची ती निळी लोकर संपली. लोकरीच्या दुकानात मी आयुष्यात प्रथमच आतपर्यंत गेलो (एरवी मी बाहेर पिशव्या धरून उभा असायचो). लोकर घेताना ही गालाला लावून बघते हे मला माहीत होतं, म्हणून मीही निळी लडी गालाला लावून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा दुकानातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दुकानदारानं अदबीनं विचारलं, "कुणासाठी हवीय?" मी म्हटलं, मला. त्यानं ती लडी बांधून दिली. तोच निळा रंग, तीच जाडी. घरी आणून शेजारी धरली तर जुनी लोकर नव्या लोकरीला ओळखही देईना. रंगाच्या प्रत्येक घाण्याचा वेगळा क्रमांक असतो आणि तो जुळवून घ्यायचा असतो, हे ज्ञान मला शिकवणीच्या बाईंनी नंतर दिलं. तीनदा खेटे घातले तेव्हा कुठे तो क्रमांक मिळाला. चौथ्या वेळी दुकानदारानं मला बसायला स्टूल दिलं.

इस्पितळातला प्रसंग तर मी कुणाला सांगितलेला नाही. हिच्या तपासणीला गेलो असताना दरवाजावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या खिशातून सुई काढली. पोलादी, टोकाला आकडा, आणि मी सद्गृहस्थ. हे काय आहे, असं त्यानं विचारलं. क्रोशा, मी म्हणालो. "करून दाखवा," तो म्हणाला. मागे रांग वाढत होती. ही इस्पितळाच्या चाकाच्या खुर्चीत बसून छताकडे बघत होती. मी तिथेच उभ्यानं तीस टाक्यांची साखळी घातली. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ती सैल पडत असल्याचं सांगितलं. पहारेकऱ्यानं साखळी हातात घेऊन ताणून बघितली आणि आम्हाला सोडलं, साखळी मात्र ठेवून घेतली. गेल्या खेपेला त्यानं ती किल्ल्यांना बांधलेली दिसली.

आता मुख्य गोष्ट. मी रोज दुपारी हिच्या समोर स्टूल घेऊन बसत होतो. ओळीचे टाके किती ते मी आधी मोजून घेतले होते, दोनशे दहा. एकदा नव्हे, तीनदा मोजले. (छापखान्यातली सवय.) ही टाकीकडे बघायची, मी खांब मोजायचो. नवव्या दिवशी मी एका लाटेवर चार खांब हवे तिथे पाच घातले आणि पुढे गेलो. खुर्चीतून आवाज आला, "चुकलं."

अक्का, अकरा दिवसांतला तो तिचा पहिला शब्द होता. मी मान वर करतो तर हिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेलेला. हवेत थांबत थांबत तो माझ्या मांडीपर्यंत आला. हिनं तर्जनी दोऱ्यात घातली आणि ओढलं. सबंध ओळ सरसर निघाली. माझी चार दिवसांची मेहनत पाऊण मिनिटात गेली आणि मला आनंदानं काही सुचेना. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, कारण नसताना नळ सोडला आणि त्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

व्यायामाच्या बाईंना सांगितलं तर त्यांनी तो पिवळा चेंडू आपल्या पिशवीत टाकला. "रोज उसवू द्या. जितकं उसवतील तितकं चांगलं." तेव्हापासून, अक्का, मी मुद्दाम चुकतो. हे वाचायला सोपं वाटेल. पण ज्या माणसानं जन्मभर चुका हुडकण्याची भाकरी खाल्ली त्याला चूक करायला बसवणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. चूक खरी वाटली पाहिजे. फार मोठी झाली तर थट्टा वाटते, फार बारीक झाली तर दिसत नाही. मी चुकांची वही केली आहे. सोमवारी टाका गाळायचा, मंगळवारी लाट उलटी करायची, बुधवारी सैल विणायचं. गेले दहा आठवडे मी रोज विणतो आणि ही रोज उसवते. आधी एका बोटानं, मग दोन, आता अंगठाही लागतो. पांघरूण आहे तिथेच आहे. शिकवणीच्या बाई विचारतात, कधी होणार? मी म्हणतो, घाई नाही. एकदा तर उसवताना ही म्हणाली, "काय हात आहे का पाय?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि आता घोडं अडलं आहे. माझा हात बसत चाललाय. सफाई यायला लागली आहे, चुका मनाविरुद्ध कराव्या लागतात, आणि बहुधा ते हिला कळू लागलं आहे. मागच्या सोमवारी मी वहीतलं शेवटचं अस्त्र काढलं. दोनशे दहाच्या ओळीत सरळ तीन खांब जास्त घातले, दोनशे तेरा केले. आंधळ्यालाही हाताला लागावी अशी चूक. हिनं पांघरूण ओढून घेतलं, ओळीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि परत ठेवून दिलं. उसवलं नाही. आज चार दिवस झाले, हात मांडीवर आहे. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, चुकलंय का गं? ही टाकीकडे बघत राहिली. अक्का, मला भीती वाटते. मधली दहा आठवड्यांची कमाई एका ओळीत गेली की काय, या विचारानं अन्न गोड लागत नाही.

असो. तुम्ही मोठ्या, तुमच्यापुढे जास्त काय रडायचं. गुडघ्याला जपावं, जिना उतरताना कठडा सोडू नये. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. हे पत्र केवळ खुशालीसाठी लिहिलेलं आहे, तरी एक बारीकशी विनंती. तुम्हीही क्रोशा करता. आपल्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलानं तुमच्या हातची टोपी एकदा तरी घातलेली आहे, आणि ती खांद्यापर्यंत आलेली आहे. तुमच्या अर्धवट राहिलेल्या, पुऱ्या झालेल्या, फसलेल्या अशा जेवढ्या वस्तू असतील तेवढ्या पार्सलनं पाठवाव्यात. माझ्या चुका कृत्रिम आहेत, तुमच्या अस्सल आहेत. त्या बघून हिचे हात चाळीस वर्षं शिवशिवत आले आहेत, असं ही नेहमी म्हणायची. (हे मी लिहायला नको होतं. पण शाईनं लिहिलंय आणि खोडाखोड मला आवडत नाही.)

ता. क. दुसरा. यातलं अक्षरही हिला कळू देऊ नये. फोनवर आवाजाला सांभाळावं.

अक्का, अक्षर वाकडं आहे, चालवून घे. उजव्या हातानं लिहितेय. हे खाली गेलेत पाकीट आणायला आणि पत्र टेबलावर उघडं टाकून गेलेत. वाचलं सगळं.

ओळ दोनशे तेराचीच आहे. टोकांचे टाके, एका टोकाचा एक आणि दुसऱ्याचे दोन, हे धरतच नाहीत, तीनदा मोजले तरी तिन्ही वेळा सोडलेच. मुद्दाम चुकतात म्हणे. अक्का, मुद्दामची एकही नाही गं. वहीप्रमाणे जिथे चुकायला जातात तिथे हटकून बरोबर येतं, आणि खरं चुकतं ते भलतीकडेच. दहा आठवडे मी त्याच चुका उसवत होते.

सोमवारी ह्यांनी तीन जास्त घातले आणि ओळ पहिल्यांदा बरोबर आली. टोकाला टोक लागलं. दोनदा बोट फिरवून बघितलं. मग मला ती मोडवेना. सांगितलं तर हे पुन्हा मोजायला बसतील आणि स्वतःच मोडतील, म्हणून तिला हातच लावला नाही.

टोपीचं मी बोलले होते, ते खरं आहे. रागावू नकोस. पार्सल नको, तूच ये. पुढची ओळ ह्यांना मीच सांगणार आहे.

हात भरून आलाय. जिन्यात पाऊल वाजलं, थांबते.