शेवंतीचा दोर

१७ एप्रिल, गुरुवार
आज दुसऱ्यांदा! मेहकरच्या वरातीत आमच्या घोडीनं, शेवंतीनं, एकदम पुढं अंग टाकलं. फटाका नाही, ढोल नाही – उगाच. वरचा नवरदेव कसाबसा टिकला. आमचे हे नेहमीसारखे तिच्या तोंडाशी लगाम आखूड धरून उलटे चालत होते. तिचं डोकं यायच्या छातीवर. घरी येऊन म्हणे, घोडी माजली. बरगडी दाखवा म्हटलं तर सदरा काढेनात.

१९ एप्रिल
जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. डोळे, कान, दात पाह्यले. दुखणं सापडलं नाही. इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. गर्दीत नेऊ नका म्हणे. हे म्हणाले, हो. यायचा हो मले माहीत आहे! छब्बीसले धम्मरत्नची वरात आहे, माह्या भावाच्या पोराची. तिथं नाही कोण म्हणते?
तिसऱ्यांदा झालं तर हे वाचत नाहीत.

२० एप्रिल, रविवार
धम्मशीला आली. धम्मरत्नची बहीण, चिखलीले कॉलेजात आहे. तिच्याकडून चिठ्ठी वाचून घेतली. मी चौथी नापास. एका शब्दावर बोट ठेवलं. म्हणे, आत्या, हा 'लंज'. म्हणजे एकदम पुढं झेपावणं. ते तर मी डोळ्यानं पाह्यलं, कागद कशाले पाहिजे!
पण पोरीले नाद. मोबाईलमध्ये शिरली. म्हणे, हा तलवारवाल्यांचा शब्द. हात लांबवून समोरच्याच्या अंगात पातं घालायचं. त्याच्या आधी फ्रेंच लोकायचा, आणि मूळ अर्थ नुसता लांब करणं. घोड्याले लांब दोरावर गोल फिरवून शिकवतात, त्या दोराचंही नाव हेच. मूळ एकच.
भोसकायचं नि शिकवायचं एकाच मुळातून? मी हसली. मग भाकरी थापताना हसू गेलं.

२१ एप्रिल
सकाळभर शेवंतीजवळ बसली. हे लगाम आखूड धरतात तशी ती आखडते. मागचे पाय पोटाखाली घेते. आखडलेलं जनावर लांब होणारच! यायले सांगितलं, लांब दोर लावा, दूर राहा. "आता बाई घोडी शिकवणार?" म्हणे. मी म्हटलं, बाईलेच रांडपण येते, म्हणून. मग उठले. वीस हात दोर आणला.

२४ एप्रिल
तीन दिवस वावरात गोल फिरते. गुमान. अंग टाकत नाही, काही नाही. हे खुश.
शेवंतीचा एक कान मात्र सारखा माह्याकडे. मले ते आवडत नाही.

२५ एप्रिल
उद्या वरातीतही लांब दोरच ठेवा म्हटलं. तोंडाशी जायचं नाही. "लोक हसतील." हसू द्या. "बरं बाई, वीस हात दूर राहतो. झालं तुह्या मनासारखं?" झालं म्हटलं. डॉक्टर गर्दीचं बोलला होता, ते मले आठवलं. बोलली नाही. यायची छाती वाचली, बस.

२६ एप्रिल, शनिवार
चारले वरात. शेवंतीनं चारा सोडला.

२८ एप्रिल
हे धड आहेत. खरचटलंही नाही. धम्मरत्न उडी टाकून वाचला. घोडीसमोर मोकळी जागा दिसली तशा पोरी तिथंच नाचायले शिरल्या. धम्मशीला सगळ्यात पुढं. शेवंती झेपावली ती तिच्यावरच. बुलढाण्याच्या दवाखान्यात आहे, अजून डोळे उघडले नाहीत.
भाऊ आज दारात आला. आत ये म्हटलं, आला नाही. लांब दोराची अक्कल कोणाची, विचारलं. यायनं माह्याकडे पाह्यलं नाही.
"माही," म्हणाले.
भावानं यायच्या तोंडावर हाणली. मी गप राह्यली.