सशाच्या रक्तातलं औषध

मुंबई,
१२ डिसेंबर १९७३

प्रिय गेनू,

दादू काल विंझरहून आला. आईने दिलेली नाचणी आणली आणि तुझा निरोपही. ‘फुलाला इचार, त्ये सशाचं औषिद कवा निगंल.’ मी त्याचं ताट वाढलं. भावाच्या तोंडून तुला उत्तर कळवणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

असं औषध निघणार नाही, गेनू. निदान माझ्या हातून तरी नाही. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या लाळग्रंथींतून एक प्रथिन काढतात. त्याच्या जोरावर काही मज्जातंतू वाढतात, जगतात. हे ऐकून मी इथली नोकरी धरली, तेव्हा डोळ्यांपुढे तुझाच हात होता. काम मात्र उलटं निघालं. ते प्रथिन मी सशांना टोचते. मग सशाच्या रक्तात त्याला नेमकं धरून निकामी करणारं प्रतिपिंड तयार होतं. ते उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिलं की त्यांचे ते मज्जातंतू मरतात, आणि प्रथिन किती गरजेचं होतं ते आम्हाला कळतं. शोध मोठा आहे, आमचे साहेब खूश आहेत. पण तुटलेलं त्याने काही जुळत नाही.

तू हिरड्याच्या झाडावरून पडलास आणि नस तुटून हात बधिर झाला, त्यानंतरच्या दिवाळीत मी गुंजवण्याला तुझ्या घरी आले होते. तुझी आई शेतावर होती. तू माझ्यासाठी चहा ठेवलास. बोलता बोलता तुझा उजवा हात चुलीच्या कडेला टेकला आणि तुला कळलंच नाही. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा मी तो ओढून बाजूला घेतला. तू म्हणालास, ‘दुकत न्हाई गं, त्येचंच दुक हाय.’ त्यानंतर तू विंझरला यायचा थांबलास. मला वाटलं, तुझं मन फिरलं. मी मुंबईला निघाले ती थोडी त्या रागातही.

काल जेवता जेवता दादू सहज बोलून गेला. ‘गेन्या खुळाच. हात बरा झाल्याबिगर फुलाला मागनी घालायची न्हाई म्हनायचा. आजून त्येच म्हनतोय.’ माझा घास तसाच राहिला. इतकी वर्षं तू हाताची वाट पाहिलीस आणि मी तुझी. मला एकदा विचारायचं होतंस. मी त्या हातासकट हो म्हटलं असतं. आता दादू आलाय तो माझ्या लग्नासाठी. रविवारी आहे. ते इथे शाळेत शिक्षक आहेत, स्वभावाने भले आहेत. तू यापुढे थांबू नकोस, गेनू. औषधासाठी नको आणि माझ्यासाठीही नको. एवढंच सांगायला हे पत्र.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
फुला