दुसऱ्याच तांब्याचं माप

गंगापूर रोड, नाशिक
१८ नोव्हेंबर

देवळ्याच्या कांद्याचे जाणकार आणि माझे एकेकाळचे खोलीसोबती सावळीराम यांस,

गोविंदाचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. गुडघ्यांनी हल्ली नुसत्या समजुतीवर भागवायचं ठरवलं आहे.) लंकावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे तुझ्या लेकीकडून, हर्षालीकडून कळलं. आता त्यांना तुझा चेहरा स्वच्छ दिसत असेल, तेव्हा दाढी रोज करत जा. तुझी साखर किती आहे ते विचारत नाही, कारण तू खोटं सांगशील. अर्थात खोटं बोलण्यावरून दुसऱ्याला टोकायला आज मला तोंड नाही, ते का ते पुढे येईलच. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर तू फोन स्पीकरवर टाकून कांद्याच्या चाळीत उभा राहतोस, आणि हे सगळं कांदा निवडणाऱ्या अकरा बायकांना ऐकवायची माझी तयारी नाही. शिवाय या विषयावर बोलायला लागलो की माझा आवाज जातो. कागदावर निदान अक्षर तरी शाबूत राहतं.

सप्टेंबरात मी आभाकडे स्वीडनला जाऊन आलो. श्यामला गेल्याला श्रावणात दोन वर्षं झाली. तेव्हापासून पोरगी मला बोलवत होती आणि मी पासपोर्टपासून पोटापर्यंत रोज नवं कारण काढत होतो. खरं कारण एवढंच की श्यामलाशिवाय मी कुठे गेलोच नव्हतो, आणि सामानाची बॅग भरायची कशी हेही मला माहीत नव्हतं. (शेवटी तीन स्वेटर घेतले आणि पायजमे विसरलो.) आभा काचेचं काम करते असं मी इथे सगळ्यांना सांगत आलो आहे, त्यामुळे कॉलनीतल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की ती खिडक्या बसवते. तिथे गेल्यावर कळलं की मलाही फारसं जास्त ठाऊक नव्हतं. ती वितळलेल्या काचेला हातसुद्धा लावत नाही. ती कागदावर चित्र काढते, अगदी खऱ्या आकाराचं, आणि स्टुरे नावाचे एकाहत्तर वर्षांचे कारागीर लांब लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतली काच घेतात, फुंकतात, फिरवतात, आणि तिच्या रेघांची वस्तू करतात. ती बाजूला स्टुलावर बसून बघते. मधेच एक बोट वर करते. ते थांबतात. त्या बोटाचा आणि त्या थांबण्याचा मेळ बसायला तीन वर्षं लागली, असं आभा म्हणाली. सुरुवातीला ते तिला म्हणत, तुझी रेघ काचेला कळत नाही. आता ती रेघ मारतानाच त्यांच्या श्वासाचा विचार करते. वस्तू झाली की तळाशी दोघांची नावं कोरतात. पहिलं नाव कोणाचं असतं, असं मी विचारलं तर ती हसली. (आमच्या पाणीपुरवठा खात्यात एका टिपणावर दोन सह्या लागायच्या, तर वरची कोणाची यावर फाईल महिनाभर अडून राहायची.) एवढ्या मोठ्या माणसाला ती नुसतं 'स्टुरे' म्हणते हे मात्र मला पटलं नाही. मी त्यांना स्टुरेजी म्हणत होतो. त्यांना वाटलं हे मराठीत त्यांचं पूर्ण नाव असावं.

तर या खेपेला आभाने जे चित्र काढलं होतं ते श्यामलाच्या तांब्याचं. तोच, पलंगाशेजारच्या स्टुलावर भरून ठेवलेला आणि तोंडावर भांडं पालथं घातलेला. आभाला तो काचेत करायचा होता, तिकडच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी. पण प्रदर्शन हे निमित्त, हे मला कळत होतं. जूनमध्ये तिने फोन करून सांगितलं की बाबा, तांब्याचं माप पाठवा. तोंड, मान, पोट, उंची. मी म्हणालो, पाठवतो की, इथे कपाटातच आहे. सावळीराम, तांब्या कपाटात नव्हता. तो कुठे आहे हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तेराव्याच्या दिवशी मला ते स्टूल बघवेना म्हणून मीच तो वहिनींच्या हातात कोंबला. आभा तेव्हा आत पानं वाढत होती, तिने पाहिलं नाही. वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आत्ता नका देऊ. नंतर लय आठवन यील तुमाला." मी ऐकलं नाही. आठवण पंधराव्या दिवशी आली आणि दिलेली वस्तू परत मागायची लाज वाटली. पोरीला कुठल्या तोंडाने सांगणार, की तुझ्या आईचा तांब्या मी दोन आठवडेसुद्धा सांभाळला नाही?

मग मी शहाण्यासारखा जुन्या नाशकातल्या भांडीबाजारात गेलो. झुंबरशेठच्या दुकानात डोळे बारीक करून त्यातल्या त्यात श्यामलाच्या तांब्यासारखा दिसणारा एक तांब्या निवडला आणि टेप मागितली. ते म्हणाले, "काका, वाजवून बघणारे लय पाहिले, मोजून परत ठेवणारे तुम्हीच पहिले." मी मान खाली घालून चार आकडे लिहून घेतले आणि आभाला पाठवले. तिने उलट प्रेमाचा निरोप पाठवला, की बाबा, तुम्ही किती नीट मोजलंत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

भट्टीवर पहिल्या दिवशी स्टुरेजींनी तो तांब्या असा काही फुंकला की मी टाळ्या वाजवल्या. (तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही.) पण काच लगेच हातात देत नाहीत, एका गरम कपाटात ठेवून सावकाश निववतात, नाहीतर तडकते. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. आभाने तांब्या उचलला, उजेडात धरला आणि आत हात घातला. हात बोटांच्या पेरांपाशी अडला. तिने पुन्हा घातला, पुन्हा अडला. ती म्हणाली, हा आईचा नाही. आईचा हात चिंच घेऊन आतपर्यंत जायचा, लहानपणी माझाही जायचा. मग ती स्टुरेजींकडे वळली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. भाषा मला येत नाही, पण तोंड लहान केलंत, असं ती म्हणत होती हे कळायला भाषा लागत नाही. त्यांनी शांतपणे कागद आणला, मापाचा चिमटा लावला, तांब्या आणि रेघ केसाइतकीही वेगळी नव्हती. ती तरीही ऐकेना. तिचे डोळे भरले होते. त्यांनी एप्रन काढून खिळ्याला लावला आणि ते मागच्या लाकडांच्या शेडमध्ये निघून गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि हा तुझा मित्र, पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत दुसऱ्यांच्या चुका शोधून लाल शाईने लिहिणारा, बाकावर बसून बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होता. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

रात्रभर तळमळलो आणि सकाळी आभाला म्हणालो, माझाच चष्मा जुना, टेप वाचताना चूक झाली असेल. (अर्धं खरं बोललो की पूर्ण खोटं बोलल्याइतकाच त्रास होतो, हे मी तुला स्वानुभवाने सांगतो.) ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि बरं म्हणाली. मग स्टुरेजींकडे जाऊन तिने माफी मागितली. ते म्हणाले, मग खरं माप कुठे आहे? कुठे असणार? मी दोन्ही हात पुढे केले. बेचाळीस वर्षं तो तांब्या मी रोज स्वयंपाकघरातून भरून आणला आहे. पोट धरायला हात किती फाकायचे, मानेला बोटं कुठे येतात, आणि श्यामलाची मूठ आत जाताना बांगड्या कुठे अडायच्या, ते सगळं मी हवेत करून दाखवलं. शिंपी छातीचं माप घेतो तसं त्यांनी माझ्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेचं माप चिमट्याने घेतलं आणि कागदावर मांडलं.

त्या दिवशी त्यांचा मदतनीस नव्हता. ते बाकावर बसून नळी फिरवत आकार देणार, तेव्हा दुसऱ्या टोकाने कोणीतरी फुंकायचं, म्हणून त्यांनी मला खूण केली. मी जन्माचा पंचवटीकर. फुंकायचं म्हटलं की मला आरतीचा शंखच माहीत. छाती भरून असा फुंकला की काचेचा फुगा कलिंगडाएवढा झाला आणि फुटून कागदासारखे पापुद्रे माझ्या तीनही स्वेटरवर उडाले. स्टुरेजी पोट धरून हसले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा आभाही हसली. मग त्यांनी नळी तिच्यापुढे केली. ती मागे सरली, म्हणाली हे माझं काम नाही. त्यांनी नळी तशीच धरून ठेवली. शेवटी तिने फुंकलं, अगदी हळू, श्यामला दूध निववायची तसं. गरम काचेला ते भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन आकार देतात. त्यांची घडी जळून गेली होती, म्हणून मी चिवड्याच्या पुड्याभोवतीचा आपला नाशिकचा पेपर दिला. त्यावर पाणीकपातीची बातमी होती. निदान ती तरी पाण्यात भिजली.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा आभाचा हात मनगटापर्यंत आत गेला. बराच वेळ तिने तो बाहेर काढलाच नाही. स्टुरेजी खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी रडलो, उगाच लपवत नाही. तळाशी त्या दोघांची नावं कोरली. तिसरं माझं घालू का, असं त्यांनी विचारलं तर मी नको म्हणालो. अरुंद तोंडाचा पहिला तांब्या मात्र मी मागून घेतला आणि बनियनमध्ये गुंडाळून घेऊन आलो. आत्ता समोर स्टुलावर आहे. हात जात नाही, बाटलीच्या ब्रशने धुतो. माझ्याच खोट्याचं माप आहे ते, तेव्हा धुणंही माझ्याकडेच.

वहिनींना नमस्कार, हर्षालीला आशीर्वाद. तू गोड कमी खा.

तुझा,
गोविंद

ता.क. हा भाग वहिनींना वाचून दाखव. वहिनी, आभा वीस डिसेंबरला येते आहे, दोन वर्षांनी. काचेचा तांब्या ती घेऊन येणार आणि कपाटातल्या आईच्या तांब्याशेजारी ठेवणार. आठ दिवसांसाठी तो मला उसना द्याल का? मी स्वतः एसटीने येऊन नेईन आणि चिंचेने घासून परत आणून देईन. हर्षालीला यातलं काही कळू देऊ नका, तिचं आणि आभाचं रोज बोलणं असतं.

ता.क. २. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं. आत्ताच आभाचा निरोप आला. फोटो आहे: तुमचा ओटा, ओट्यावर तो तांब्या, आणि त्यात मनगटापर्यंत गेलेला हर्षालीचा हात. खाली लिहिलं आहे, बाबा, तो कपाटात नाही हे तुम्ही चष्म्याचं सांगितलंत त्या सकाळीच तुमच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. तुम्ही हातांनी दाखवलेलं माप अगदी बरोबर निघालं. तेव्हा वहिनी, तांब्या देऊ नका, तो तुमच्याकडेच राहू दे. आम्ही दोघं एकवीस तारखेला देवळ्याला येतो. आल्या आल्या पाणी तेवढं त्यातूनच द्या.