गोधनाच्या दिवशी ओढलेली जीप

बाबा, काल आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. पुरणाच्या दोन पोळ्या खाल्ल्या आणि वर सगळ्यांसमोर तुमची तक्रारही केली. "ह्यांच्या यंत्राला जमिनीतला खिळा सापडायचा, बायकोचं दुखणं नाही सापडायचं," म्हणाली. सगळे हसले. तुम्ही असतात तर चष्मा पुसत बसला असतात. हसले मीही, पण सकाळपासून तो मुक्काम डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

मूल गावाच्या पुढे जंगलात, नाल्याकाठी तुमच्या मोजणीच्या कामासाठी आपले दोन तंबू होते. मी मॅट्रिकच्या वर्षाला होते, आणि दिवाळीच्या सुट्टीत आई मला घेऊन तुमच्याकडे आली होती. जंगलाच्या हद्दीवरचे जुने लोखंडी खुंट गाळाखाली आणि पाल्याखाली गडप झाले होते. ते शोधायला तुम्हाला लष्कराच्या भंगारातलं धातू शोधायचं यंत्र मिळालं होतं: लांब दांडा, खाली थाळी, कानांवर चढवायच्या श्रवणयंत्रांची जोडी. ती कानांवर चढवून तुम्ही जंगलभर फिरायचात, हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. त्याची बॅटरी जीपच्या बॅटरीला तारा जोडून भरायची आणि त्या वेळी इंजिन चालू ठेवायचं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. पण पेट्रोल लांब चांदा शहरातून डब्यांतून यायचं, आणि तुमची काटकसर तर काय सांगावी! पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही इंजिन बंद केलंत आणि तारा तशाच ठेवून झोपलात. सकाळी जीपची जुनी बॅटरी पार उतरलेली.

आणि नेमकी तीच सकाळ. आईच्या पोटात पहाटेपासून कळा येताहेत. ओवा देऊन झाला, हिंग लावून झाला. उन्हं वर आली तशी ती गुडघे पोटाशी घेऊन पडली आहे, अंग तव्यासारखं तापलंय, आणि तुम्ही बाहेर जीपचं हँडल मारताय. तळहात सोलले तरी इंजिन हूं की चूं करत नाही. चढावर नेली असती तर पलीकडच्या उतारावर गाडी चालू झाली असती, पण ती उभी नाल्याच्या वाळूत. बैलजोडीशिवाय हलणार नव्हती. तुम्ही गावाकडे धावलात, तुमच्या मागे मी. गावात गोधनाची पूजा चाललेली. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा, पुढ्यात खिचडी.

म्हातारे पाटील उठून उभे राहिले. "आज बैलाच्या मानेवर जू नाई ठेवत साहेब. कोनासाठीच नाई."

तुम्ही आवाज चढवलात. मग एकदम हात जोडलेत. तुम्हाला कुणापुढे हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "बाई मरेल हो माझी," म्हणालात.

"मरन काऊन मनता?" पाटील म्हणाले. "बैल नाई देत मनलो. मानसं नाई देत मनलो का?"

आणि आली माणसं. सणाची कोरी धोतरं वर खोचून त्यांनी जीपला बांधलेले दोर खांद्यावर घेतले. रंगीत शिंगांचे बैल मागोमाग येऊन काठावर रवंथ करत उभे. "पाह्य लेका, आज तुयी मज्जा हाये," एकजण आपल्या बैलाला म्हणाला. तुम्ही स्टिअरिंग धरून "हो हो, चला चला" असे ओरडत होतात. जीपच्या मागच्या बाकावर आईचं डोकं माझ्या मांडीवर. पदर दातांत धरलेली ती कशीबशी म्हणाली, "त्यांना सांग, ओरडू नका. ती माणसं आहेत." गाडी चढावर आली, पलीकडे सुटली, दोनदा खोकली आणि सुरू झाली. मागे सगळा गाव ओरडत होता. चांद्याच्या इस्पितळापर्यंत तुम्ही ती कुठेही बंद केली नाहीत.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन चाललं तेव्हा आपण व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. संध्याकाळी आईने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "भरली का तुमची बॅटरी?" तुम्ही हसायला गेलात आणि ढसाढसा रडलात. माझा जीव भांड्यात पडला तो आजतागायत तिथेच आहे.

हे पत्र मी फाडणार आहे. घरात राहिलं तर आईच्या हाती लागेल, आणि पुढचं तिने वाचू नये. डॉक्टर बाहेर येऊन "वाचल्या" म्हणाले तेव्हा माझ्या मनात आधी ती आली नाही, तुम्ही आलात. ती गेली असती तर त्या बॅटरीपायी तुम्हाला मी जन्मभर माफ केलं नसतं, हे त्या बाकावर मला पक्कं कळून चुकलं होतं. आणि मला तुम्ही हवे होतात, बाबा.