व्हरांड्यातला बाक

९ जून, रविवार
उपासनेनंतर पंचांची सभा. विषय एकच, पाळकसाहेबांचा पगार. आपल्या मंडळीची जुनी रीत अशी की ज्याचा विषय, त्याने बाहेर बसायचं. शांतवन पाळक उठले, बायबल बगलेत धरून मागच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. उकाडा मरणाचा, म्हणून बाकाजवळची खिडकी उघडीच.

मीनाताई नर्स म्हणाल्या, सात वर्षांत काही वाढवलं नाही, त्यांची लेक करुणा बारावी झाली, आता तरी वाढवा. मी चिटणीस. माझं काम लिहून घेण्याचं, पण तोंड गप्प बसत नाही. दहा मिनिटं बोललो. आमच्या लहानपणीचे पाळक सायकलवर बडनेऱ्यापर्यंत जायचे, अंगात एकच कोट, तरी चर्च भरलेलं. पाळकाचा खिसा जड झाला की गुडघे टेकत नाहीत. हे वाक्य माझं मलाच फार आवडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मागणी बारगळली.

मग पाळकांना आत बोलावलं आणि समाप्तीची प्रार्थना करायला लावली. त्यांनी आम्हा सर्वांसाठी आशीर्वाद मागितला. आवाज नेहमीसारखाच. खिडकीचं मला घरी आल्यावर सुचलं.

२२ जून, शनिवार
फळा लिहिला. चर्चच्या फाटकाजवळचा. पाळक फोनवर उद्याच्या उपदेशाचा विषय सांगतात, मी खडूने लिहितो. एस.टी.त असताना गाड्यांच्या वेळा लिहिल्या, आता हे. अक्षर अजून चांगलं आहे.

परत येताना क्लासेसच्या गल्लीत पाळक आणि करुणा दिसले. तिला डॉक्टर व्हायचंय. दोघं एका क्लासच्या दाराशी फीचा बोर्ड वाचत उभे होते. बराच वेळ. मी गाडी थांबवली नाही. थांबून काय बोलणार होतो.

७ जुलै, रविवार
महिन्याचा पहिला रविवार, मुठीचा. सुशीला रोज स्वयंपाकाला लागण्याआधी पाळकाच्या नावाने एक मूठ तांदूळ डब्यात टाकते. माझ्या आईने तिला लावलेली सवय. आज सगळ्या घरांचे डबे वेदीपुढे गेले. पूर्वी रांग दारापर्यंत यायची, आज नऊ डबे.

आणि मग विल्सनभाऊ उभे राहिले. आपल्याच मंडळीतलं पोरगं, आता बिल्डर, पांढरा शर्ट, हळू बोलणं. म्हणाले, पाळकसाहेबांचा भार आजपासून माझ्यावर, मंडळीने काळजी करू नये, मुठीचे डबेसुद्धा आता नकोत. दुप्पट देणार म्हणे, आणि थेट पाळकांच्या हातात. टाळ्या पडल्या. अनुमोदन मी दिलं. सर्वांच्या डोक्यावरचं ओझं गेलं, चर्चच्या दुरुस्तीला हात मोकळा झाला. खूश होतो.

मीनाताईंनी टाळी वाजवली नाही. सु.नेही नाही. घरी विचारलं तर म्हणाली, "सगळ्यायचा पाळक होता, आता एकाचा झाला." बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

२८ जुलै
करुणा क्लासला जायला लागली. पाळकांकडे नवी स्कूटी. पाळकीणबाई कितीतरी दिवसांनी हसताना दिसल्या. बरं वाटलं. उगाच नाही म्हणणार, खरंच बरं वाटलं.

सु.ने मुठीचा डबा बंद केलेला नाही. मूठ टाकतेच. कोणी न्यायला येणार नाही हे माहीत असून.

१० ऑगस्ट, शनिवार
सकाळी पाळकांनी विषय सांगितला, "शेजाऱ्याची सीमा". ती सरकवू नये, असं बायबलात आहे. लिहिला. मोठ्या अक्षरात, खाली रेघ. दुपारी फोन. विषय बदला, काका. मी विचारलं, आता काय लिहू? म्हणाले, "आभार" लिहा.

पुसून आभार लिहिलं. सात वर्षांत त्यांनी सांगितलेला विषय कधी बदलला नव्हता. सर्दी झाली असेल, तयारी झाली नसेल, असं काहीबाही मनात आणलं.

११ ऑगस्ट
उपदेश आभारावर. विल्सनभाऊ पहिल्या बाकावर. उपदेश चांगला होता, पण पाळक पूर्ण वेळ मागच्या भिंतीकडे बघून बोलले.

२५ ऑगस्ट, रविवार
उपासनेनंतर मी आणि सु. मागे कबरस्तानात गेलो. दर महिन्याला जातो. आमची बेबी भिंतीकडच्या रांगेत आहे, कडुनिंबाच्या पलीकडे. चार वर्षांची होती, तापात गेली. क्रूस मीच केला, वर्कशॉपमधल्या मित्राकडून साचा घेऊन. आज असती तर पस्तिशी ओलांडली असती.

भिंतीपासून काही फुटांवर गवतात चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. बेबी रेघेच्या भिंतीकडच्या बाजूला. सु. तिथेच उभी राहिली. राखणदाराला विचारलं. म्हणे नालीचं काम हाये, विल्सनभाऊचे मानसं टेप घेऊन आलते.

१ सप्टेंबर
आठवडाभर पाऊस. फक्की धुऊन गेली असेल म्हणून बघायला गेलो. गेली होती. पण नवी मारलेली. आधीची कडुनिंबाच्या पलीकडून जायची, आताची अलीकडून. झाड पण गेलं त्यात.

५ सप्टें.
कळलं. नाली नाही, रस्ता. चर्चच्या मागचा प्लॉट विल्सनभाऊंनी केव्हाच घेतलाय, त्याला जायला वाट नाही. कबरस्तानाची ती पट्टी मिळाली की वाट होते. वरच्या ट्रस्टची परवानगी ते आणतील, फक्त मंडळीचा ठराव हवा, त्याखाली अध्यक्ष म्हणून पाळकाची सही. बदल्यात नवी भिंत आणि पाळकाचा पगार कायम. विल्सनभाऊंनी स्वतः येऊन सांगितलं. सोबत पेढे. कबरी सन्मानाने हलवू, काका, असं म्हणाले. पेढे कोणी खाल्ले नाहीत, शेवटी कामवालीला दिले.

१४ सप्टें., शनिवार. अकोला
सु.चा भाऊ योहान याच्याकडे. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने आलो, ज्या एस.टी.त हयात घालवली तिच्यात मला बसायला जागा नाही. असो. योहानला सगळं सांगितलं तर त्याने चप्पल घातली आणि मला त्यांच्या चर्चला घेऊन गेला.

त्यांच्याकडे हे आधीच होऊन गेलंय. माणूस वेगळा, तोही गोडच. पाळकाचा पगार तो द्यायचा. जिथे कबरी होत्या तिथे आता गाड्या लागतात, वर हॉल. चर्चच्या मागे पत्र्याखाली क्रूस रचून ठेवलेत, एकावर एक. काहींची नावं खाली गेली आहेत. यातला तुझ्या आईचा कुठला, मी विचारलं. योहान म्हणाला, खालच्या थरात असंल. मग जरा वेळाने, "आमाले वाटलं, फुकटात पाळक भेटला."

तिथला पाळक बाहेर आला, तरुण आहे. चहाला बोलावलं. पूर्ण वेळ आमच्या चपलांकडे बघत होता. मला आमचे पाळक आणि मागची भिंत आठवली. चहा गोड होता, गेला नाही.

सु.ला क्रुसांचं सांगायचं नाही असं ठरवलं. रात्री जेवताना सांगितलं.

१७ सप्टें., मंगळवार
पाळकांकडे गेलो. ठरवून गेलो होतो की आवाज चढवायचा नाही. सही करणार का, सरळ विचारलं. पाळकीणबाई आत निघून गेल्या. करुणा आतल्या खोलीत पाठांतर करत होती, तिचा आवाज थांबला.

पाळक म्हणाले, "काका, त्या दिवशी खिडकी उघडी होती."

मी म्हटलं, माहीत आहे.

"मले कोनी इकत घेतलं नाई. तुमी सोडून देल्लं, त्यानं उचललं. आता त्याच्या घरचं खाऊन त्याले नाई कसं म्हनू, तुमी सांगा."

हे रागाने नाही बोलले. हिशोब समजावून सांगतात तसं. मी म्हटलं, माझी लेक आहे तिथे. म्हणाले, मले माहीत हाये. दर वर्षी तिच्या तारखेला मीच तं प्रार्थना करतो. मग म्हणाले की करुणाची वर्षभराची फी विल्सनभाऊंनी एकदम भरली आहे, ती परत करायची तर पाच वर्षं लागतील, आणि घर चर्चचं, ते सोडायचं तर कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नाही. मला वाटत होतं हा माणूस भित्रा आहे. तसा नाही तो. दमलाय.

निघताना मीच म्हणालो, मंडळीनेच पगार द्यायचा असं परत ठरलं तर? चांगला, पुरेसा. ते म्हणाले, ठरवून बघा. पण डोळ्यांत काही हललं नाही.

१८ ते २४ सप्टें.
घरोघरी फिरलो. गुडघे दुखून राहिले, लिहितो थोडक्यात.

लोक चहा देतात, बसवतात, बेबीचं ऐकून हळहळतात. पगाराचं काढलं की पंख्याकडे बघतात. आता मिळतोय ना त्यांना, मग आपण कशाला? फुकट चाललंय ते मोडायचं कशाला? बर्नाबासगुरुजी, माझ्याबरोबर शाळेत होते, त्यांनी तर हसत हसत ऐकवलं, "पाळकाचा खिसा जड झाला की गुडघे टेकत नाईत, तुमीच तं म्हनलं होतं. मले पटलं होतं." दोन घरांत सायकलवाले पाळकही ऐकवले. सगळं माझंच, शब्दाला शब्द. इतकं लक्ष देऊन कोणी माझं ऐकत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

चार घरं तयार. मीनाताई, दोन विधवा, आणि आम्ही. माझ्या पेन्शनमधला तिसरा हिस्सा मी लिहून दिला. चार घरांत पाळक चालत नाही.

२६ सप्टें.
सु.ने डबा उघडला. तांदळाला किडे लागलेत, जुलैपासूनची मूठ. मला वाटलं टाकून देईल. अंगणात चादरीवर पसरून दिवसभर निवडत बसली. म्हटलं, हे कोणाला देणार? ती निवडतच राहिली. संध्याकाळी निवडलेले तांदूळ परत डब्यात भरले.

कबरस्तानात फेरी. रेघ आणखी आत आली आहे. आता दुसरी रांगही तिच्या पलीकडे गेली, त्यात बर्नाबासगुरुजींची आई. त्यांना फोन केला. म्हणाले, बघू रविवारी.

२८ सप्टें., शनिवार
उद्या उपासनेनंतर सभा. विषय, पट्टी. फळ्यासाठी पाळकांचा फोन दुपारपर्यंत नाही, मीच केला. म्हणाले, "फळा कोरा ठेवा, काका."

कोरा म्हणजे? नुसता कोरा, म्हणाले, आणि फोन ठेवला. मी ओल्या फडक्याने दोनदा पुसला. आधी लिहिलेलं काही दिसू नये म्हणून. इतक्या वर्षांत कोरा फळा लावून मी फाटकातून पहिल्यांदा बाहेर पडलो. भीती कशाची वाटून राहिली ते नीट सांगता येत नाही.

२९ सप्टें., रविवार
बाकावर बसून लिहितोय, सभेच्या नोटिशीच्या पाठीवर. घरी जाऊन वहीत चिकटवीन.

उपदेश झालाच नाही. पाळकांनी स्तोत्र वाचलं, मिनिटभर उभे राहिले, आणि आशीर्वाद देऊन उतरले. लोक एकमेकांकडे बघत राहिले. सभा सुरू होताच विल्सनभाऊ हळूच म्हणाले, चिटणीसकाकांची लेक त्या रांगेत आहे, तेव्हा विषय त्यांचाही झाला, आपली रीत आहे ना. मी म्हटलं, रस्ता तुमचा, विषय तुमचाही. तर ते लगेच उठले. अर्थातच, चला, मी पण येतो. माझ्यासाठी दार धरलं.

तर आम्ही दोघं बाकावर. मध्ये माझी टोपी. बाक लहान आहे, शांतवन पाळक इथे कसे बसले असतील त्या दिवशी. उन्हात. विल्सनभाऊंनी बडीशेप पुढे केली, मी नको म्हटलं. ते निवांत आहेत, पाय पसरून, मोबाईलवर कोणाला तरी सांगत होते की मशीन मंगळवारी पाठव. नेहमीसारखी खिडकी उघडी. आतलं सगळं ऐकू येतं. पंख्याची खरखरसुद्धा.

समोर कबरस्तानाचं फाटक. सु. आत आहे, बेबीपाशी. डबा घेऊन आली आहे आज. मला दिसते, डबा मांडीवर.

मीनाताई बोलल्या. मग बर्नाबासगुरुजी, पण त्यांचं हो की नाही ते कळलं नाही, आईचं नाव घेतलं आणि अडखळले. मग कोणी तरी विचारलं, पाळकसाहेब, तुमचं काय म्हणणं? खुर्ची सरकली. पावलं खिडकीकडे आली.

खिडकी आतून लागली. पाळकांचाच हात, मनगटावरचं घड्याळ ओळखलं मी. दोन्ही तावदानं लावली, वरची कडी घातली. माझ्याकडे बघितलं की नाही, काचेवर ऊन होतं, कळलं नाही.

मला ऐकू येऊ नये म्हणून लावली, की यांना? विल्सनभाऊंनी मोबाईल खिशात ठेवला. बडीशेपेची डबी तशीच हातात, झाकण उघडं.

पाऊण तास झाला. आम्हाला आत बोलवायला अजून कोणी आलेलं नाही.